पाणलावा म्हणजे नेमका कोणता?

प्रश्न आला आहे तो असा: कॉमन स्नाइप आणि पिनटेल स्नाइप या दोन्ही पाणपक्ष्यांना मराठीत पाणलावाच म्हणायचं का? आणि या शब्दाचं अनेकवचन काय?

अनेकवचन सोपं आहे. 'घोडा' चालवतो तसाच हा शब्द चालवायचा: पाणलावे, पाणलाव्याला, पाणलाव्यांची. 'पाणलावाला' कानाला खटकतं. घडण पाणकोंबडी, पाणकावळा यांच्यासारखीच, म्हणजे पाण्याकाठचा लावा. गोत मात्र जुळत नाही. लावा कोंबड्या-तित्तिरांचा भाऊबंद, तर पाणलावा तुतवारांच्या (सँडपायपर) कुळातला. रंगीत पाणलावा (पेंटेड स्नाइप) तर आणखी तिसऱ्याच कुळातला. त्याच्यात मादी जास्त देखणी आणि अंडी उबवायचं काम नराकडे! (हिंदीत पाणलाव्याला 'चहा' म्हणतात. हिंदी पुस्तक चाळताना दचकू नका.)

तेव्हा 'पाणलावा' हे गटाचं नाव धरावं. जात सांगायची असेल तर विशेषण हवंच. पिनटेलला मी 'सुईशेपटी पाणलावा' म्हणेन, 'सूचिपुच्छ' नको. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'स्टेन्युरा'चा अर्थही 'अरुंद शेपटीचा' असाच आहे.

अडचण अशी की ही सुई सहसा दिसतच नाही. कॉमनच्या शेपटीत बहुधा १४ पिसं, सगळी बऱ्यापैकी रुंद. सुईशेपटीच्या शेपटीत २४ ते २८, आणि कडेची पिसं काडीसारखी बारीक. पण पक्षी हातात असेल किंवा शेपटी पसरून पिसं साफ करत असेल, तरच ती मोजता येतात. माळावर आपल्याला पंखच बघावे लागतात. कॉमन उडाला की पंखाच्या मागच्या कडेला ठळक पांढरी रेघ चमकते आणि तो कर्कश ओरडत वेडावाकडा वळत जातो. सुईशेपटीला ती रेघ जवळजवळ नसते, पंखाची खालची बाजू गडद पट्ट्यांची, आणि उड्डाण जरा जड व सरळ. तो कोरड्या गवतातही सापडतो. भातखाचरात हिवाळ्यात दोघेही असू शकतात, त्यामुळे जागेवर फार भिस्त ठेवू नये.

त्यात स्विनहोज स्नाइप हा तिसरा भाऊ सुईशेपटीशी इतका मिळताजुळता की भल्याभल्यांना निवाडा जमत नाही. म्हणून पंख मिटून बसलेला दिसला आणि खात्री नसेल, तर वहीत नुसतं 'पाणलावा' लिहावं. तेवढ्यापुरतं ते अगदी बरोबर आहे.