टर्कीला ब्रॉयलरचं फीड घालताय? आधी पोत्यावरचं लेबल वाचा

दोन प्रश्न आलेत. खटावच्या भाऊंकडं 40 टर्की आहेत, फीडचं बिल परवडंना म्हणून डीलरनं ब्रॉयलर फिनिशर (ब्रॉयलरला शेवटच्या टप्प्यात घालतात ते फीड) घालायला सांगितलं, आता पाच-सहा पक्षी पोटावर बसून राहतात. शिराळ्याच्या ताईंची टर्की गावरान कोंबड्यांबरोबर एकाच परड्यात, विष्ठा पिवळी आणि मर चालू.

भाऊ, ते फीड आज बंद करा, उद्या नको. ब्रॉयलरच्या फीडमध्ये रक्ती हगवणीसाठी बऱ्याचदा सॅलिनोमायसिन हे औषध असतं, कोंबडीला चालतं पण टर्कीला ते विष आहे, मोठ्या पक्ष्याला तर जास्तच. पाय जातात, धाप लागते, मरतो, आणि मग तोच डीलर म्हणणार रोग आलाय, ही बाटली न्या. लेबलवर सॅलिनोमायसिन किंवा त्याच जातीचं नॅरासिन दिसलं की पोतं परत. लेबलच नसंल तर पोतं घ्यायचंच नाही.

ताई, तुमचं लक्षण ब्लॅकहेड या टर्कीच्या रोगाचं वाटतंय. मेलेला पक्षी लगेच डॉक्टरांकडून उघडून घ्या, यकृतावर गोल चट्टे दिसतात. हा रोग कोंबडीच्या आतड्यातल्या जंतातून येतो, कोंबडी धडधाकट दिसते आणि टर्की मरते. म्हणून कोंबड्या वेगळ्या, जागाही वेगळी, कोंबड्या फिरलेल्या जमिनीत टर्की सोडायची नाही. जंताचं औषध दोघांनाही, पण वजनावर मोजून, झाकणानं अंदाजे नाही. डबल डोसनं डबल गुण येत नाही हो, किती वेळा सांगायचं.

आता खर्च. पोल्ट्रीत निम्म्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो, पण पहिले 4 आठवडे कंजूषी नको, पिल्लाला 28 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं. बचत मोठ्या पक्ष्यावर करा. माझं ठरलेलं सांगणं, बांधाला लसूणघास लावा, कोवळी असतानाच कापून बारीक करून घाला, मोठा पक्षी निम्म्यापर्यंत हिरव्यावर निघतो. सकाळी मूठभरच टाकून सोडा, मुख्य खाद्य संध्याकाळी द्या, दिवसभर किडे-गवत वेचतो आणि खाद्याच्या ओढीनं आपण होऊन शेडकडं येतो.

पण स्वस्त मिळाली म्हणून भिजलेली मका आणि बुरशीची शेंगपेंड उचलू नका. 1960 मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पिल्लं मेली ती अशाच शेंगपेंडीतल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषानं. मक्याचा दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर ओला. पेंड फोडून वास घ्या, कुबट आला की नको. 'टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं विष धरून ठेवणारी पावडर) टाका, चालतंय' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, त्याला पेंडही खपवायचीय आणि बाइंडरही.

अनुदानाचं थोडक्यात, राष्ट्रीय पशुधन अभियानात कुक्कुटपालनाला 50 टक्के भांडवली अनुदान आहे, पण ते मोठ्या पॅरेंट फार्मसाठी, म्हणजे पिल्लांसाठी अंडी देणारे पक्षी पाळतात त्यांना, 40 पक्ष्यांना नाही. बाकी पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा.

आणि भाऊ, उरलेलं फिनिशर अंड्यावरच्या कोंबड्यांनाही घालू नका. शेजारी कुणाचा शर्यतीचा घोडा असंल तर ते पोतं त्याच्या आसपाससुद्धा नको, सॅलिनोमायसिन घोड्यालाही मारतं.