द्राक्षबागेच्या छाटणीचा पाला शेळ्यांना घालता येतो का?

पाला घालता येतो, पण ऑक्टोबरच्या गोडी छाटणीचा (घड यावेत म्हणून करतात ती) नको. एप्रिलच्या खरड छाटणीचाच (काढणीनंतर करतात ती) घ्या, तोही मळेवाल्याला शेवटचा फवारा कधी नि कशाचा मारला हे विचारून. द्राक्षाचं पान मुळात विषारी नाही, शेळ्या ते आवडीने खातात. त्रास औषधांचा आहे. पावसाळ्यात केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारे चालूच असतात, शिवाय ऑक्टोबर छाटणीआधी पानगळीसाठी बरेच जण इथेफॉन मारतात. एप्रिलमध्ये काढणी उरकलेली असते, काढणीच्या तोंडावर फवारे कमी झालेले असतात. निफाड-दिंडोरीकडे आम्ही शेळ्या पाळणारे याच हिशोबाने पाला उचलतो. पान उलटंसुलटं करून बघा: निळसर-पांढरे डाग बोटाला लागले तर ते बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचा फवारा; मोरचुदात तांबं असतं. असा पाला टाकून द्या. कळपात मेंढी असेल तर जास्तच जपा, तांबं तिला शेळीपेक्षा फार लवकर बाधतं.

सुरुवातीला मूठ-दोन मूठच, कोरड्या चाऱ्यात मिसळून. गळलेले घड मात्र शेळ्यांपुढे ढिगाने ओतू नका, साखरेने पोटात आम्ल वाढतं नि शेळी रवंथ सोडते. कोंबड्यांनी चार मणी टिपले तर काही बिघडत नाही. कुत्र्याला मात्र द्राक्ष किंवा बेदाणा एकही देऊ नका, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खाल्लंच तर उलटी-जुलाबाची वाट न बघता लगेच पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे न्या.