घाईच्या दिवसांतला घरचा स्वयंपाक : वाचकांचे प्रश्न

वेळेअभावी घरचे जेवण जमत नाही, अशी तक्रार करणारी पुष्कळ पत्रे आली आहेत. बहुतेक पत्रांतून झटपट पाककृतींची मागणी आहे. मात्र ती एकापाठोपाठ एक वाचल्यावर मला जाणवले, की पाककृती सर्वांकडेच आहेत. अडते ते कोणते काम आधी करून ठेवता येते आणि कोणते नाही, याच्या हिशेबावर. म्हणून या वेळी निवडलेल्या पत्रांची उत्तरे त्या हिशेबाच्या अंगाने दिली आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघेही नोकरी करतो. घरी पोहोचायला सात वाजतात आणि आठपर्यंत मुलांना वाढावे लागते. झटपट पदार्थांच्या याद्या जमवून ठेवल्या आहेत, तरी रोज ‘आज काय करायचे’ यातच वेळ जातो आणि शेवटी बाहेरून मागवले जाते. अर्ध्या तासात होणारे पदार्थ सुचवाल का?

उत्तर : पदार्थ सुचवते, पण त्याआधी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. ‘अर्ध्या तासात’ असे जिथे लिहिलेले असते, तिथे मोजणी भाजी चिरून झाल्यावर, डाळ धुतल्यावर आणि भांडी मोकळी असताना सुरू झालेली असते. तुमचा वेळ त्याच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे ठरवण्यात आणि शोधाशोध करण्यात जातो. तेव्हा आठवड्याचे सात वार पदार्थांच्या नावांनी न भरता प्रकारांनी भरा : एक दिवस डाळ-भाताचा, एक कडधान्याचा, एक अंड्यांचा किंवा माशांचा, एक सर्व भाज्या घालून एकाच भांड्यात शिजवलेल्या भाताचा, एक सूपचा, एक उरलेसुरले संपवण्याचा आणि एक मुलांच्या आवडीचा. प्रकार ठरलेला असला, की त्यात भाजी कोणती घालायची हे घरात काय आहे त्यावरून क्षणात ठरते, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रकार वेगळ्या भाजीने नवा होतो.

घरी आल्यावरचा क्रमही ठरलेला असावा. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो, पण ज्याच्याकडे सतत पाहावे लागत नाही, ते सर्वांत आधी चुलीवर चढले पाहिजे. तांदूळ धुऊन शिजत लावायला पाच मिनिटे लागतात आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे तो स्वतःचे स्वतः शिजतो. तुम्ही हातपाय धुऊन, कपडे बदलून येईपर्यंतचा वेळ असा सत्कारणी लागतो. सोललेली मसूर डाळ तर भिजवावीही लागत नाही, कारण तिचे टरफल निघालेले असल्याने पाणी लगेच आत शिरते आणि साध्या भांड्यातही ती साधारण वीस मिनिटांत मऊ होते. ती शिजेपर्यंत कांदा, लसूण आणि टोमॅटो चिरून तेलात परतून घ्यावेत, डाळीत मिसळावेत आणि चिरलेली पालेभाजी शेवटच्या तीन-चार मिनिटांत घालावी. असे जेवण ताटात यायला पस्तीस मिनिटांहून अधिक लागू नयेत.

अंड्यांच्या दिवशी तर कांदा-टोमॅटोचा दाटसर रस्सा करून त्यातच अंडी फोडून सोडावीत, झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पांढरे व पिवळे दोन्ही पूर्ण घट्ट होईपर्यंत, साधारण आठ-दहा मिनिटे शिजू द्यावीत. वेगळी उकडण्याचा, सोलण्याचा आणि आणखी एक भांडे घासण्याचा खटाटोप त्यात वाचतो.

प्रश्न : सुट्टीच्या दिवशी आठवड्याभराचा स्वयंपाक करून फ्रिजमध्ये ठेवावा, असा सल्ला सर्वत्र वाचायला मिळतो. मी तसे केले, पण चौथ्या दिवसापासून जेवण कोणाला आवडेना आणि मलाही ते खायला देताना धास्ती वाटू लागली. असे अन्न सुरक्षित असते का?

उत्तर : तुमची धास्ती योग्य आहे. शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये, म्हणजे साधारण ४ अंश सेल्सिअसला, तीन ते चार दिवसच ठेवावे. त्यापुढचा भाग पहिल्याच दिवशी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये गेला पाहिजे. त्या थंडीत जिवाणू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते. म्हणूनच चौथ्या दिवशी ‘आता संपणार नाही’ असे वाटून अन्न गोठवण्यात अर्थ नसतो.

भाताविषयी मात्र मी अधिक आग्रहाने लिहिते, कारण अतिशय स्वच्छ घरांतही इथे चूक होते. कच्च्या तांदळात ‘बॅसिलस सीरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजताना ते नष्ट होत नाहीत. शिजलेला भात ओट्यावर तासन्तास कोमट राहिला, की त्या बीजाणूंतून जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा कितीही गरम केले तरी नाहीसे होत नाही. रात्री बाहेर राहिलेला भात ‘सकाळी चांगला वाफवून घेऊ’ असे म्हणून खाणे धोक्याचे आहे ते यामुळे. जेवणे झाल्यावर उरलेला भात पसरट भांड्यात पातळ थरात काढून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशीच संपवावा आणि एकदाच, पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करावा. बाकीच्या शिजवलेल्या पदार्थांना दोन तासांची मर्यादा पाळावी. भरलेले मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले, तर त्याचा मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. दोन-तीन उथळ डब्यांत विभागले, की ते लवकर निवते.

चवीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. तयार पदार्थ साठवला, की तीच चव रोज ताटात येते आणि माणसे कंटाळतात. म्हणून पदार्थ साठवण्याऐवजी त्याच्या अलीकडचा टप्पा साठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उकडलेली कडधान्ये, परतलेला कांदा, टोमॅटोचा आटवलेला रस, सोललेला लसूण, धुऊन कोरडी केलेली पालेभाजी या गोष्टी एखादा दिवस थांबल्या तरी त्यांचे फारसे बिघडत नाही, आणि त्यांतून रोज वेगळे जेवण उभे राहते. यांत मी कांद्याला पहिला मान देते. पाककृतींत ‘कांदा पाच मिनिटे परतून तांबूस करावा’ असे सर्रास छापलेले असते, पण मध्यम आचेवर कांदा खरोखर गडद तांबूस व्हायला पाऊण तासही लागू शकतो, कारण आधी त्यातले पाणी निघून जावे लागते आणि त्यानंतरच रंग धरू लागतो. घाईच्या संध्याकाळी एवढा वेळ देणे अशक्य असते. सुट्टीच्या दिवशी किलोभर कांदा एकदम परतून बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि लागतील तेवढ्या वड्या गरम भांड्यात टाकाव्यात. माझ्या स्वयंपाकघरातला वेळ इतका कोणत्याच दुसऱ्या सवयीने वाचवलेला नाही.

काही गोष्टी मात्र थांबत नाहीत. चिरलेला बटाटा हवा लागून काळा पडतो आणि पाण्यात ठेवला तर त्यातले क जीवनसत्त्व पाण्यात उतरते. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते. कोशिंबिरीच्या भाज्या जेवणाच्या वेळीच चिराव्यात. उकडलेला बटाटा गोठवू नये. वितळल्यावर तो रवाळ आणि पाणचट होतो.

प्रश्न : कडधान्ये घरात सर्वांना आवडतात, पण भिजवायचे हमखास विसरते. आयत्या वेळी शिजत लावली तर दडस राहतात. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे. कडधान्य भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळून उकळावे, विस्तव बंद करून तासभर झाकून ठेवावे, ते पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवावे. रात्रभर भिजवण्याचे बरेचसे काम या एका तासात होते. भिजवताना पाण्यात थोडे मीठ घातले, तर टरफल लवकर मऊ पडते. याउलट टोमॅटो, लिंबू, दही असे काहीही आंबट दाणा पुरता मऊ होईपर्यंत घालू नये. आंबटपणामुळे दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन विरघळेनासे होते आणि मग तास तास शिजवूनही दाणा कडकच राहतो. मीही सुरुवातीच्या काळात टोमॅटोसकट हरभरे शिजत लावून पाहुण्यांना ताटकळत ठेवले होते आणि दोष हरभऱ्यांना दिला होता. सोडा घातल्याने दाणा लवकर शिजतो हे खरे, पण त्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होते, शक्यतो टाळावा.

प्रेशर कुकर घरात असेल, तर त्याच्यावर भरवसा ठेवावा. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ यांनी १६७९ मध्ये वाफ कोंडून शिजवणारे भांडे तयार केले आणि १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सदस्यांना त्यात शिजवलेले जेवण वाढले. आजच्या कुकरचे तत्त्व तेच आहे. कोंडलेल्या वाफेमुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळते आणि शिजण्याचा वेळ तिपटीने कमी होऊ शकतो. भिजवलेले हरभरे त्यात पंधरा-वीस मिनिटांत मऊ होतात. एकाच वेळी दुप्पट शिजवा, अर्धे त्या दिवशी वापरा आणि उरलेले त्यांच्याच पाण्यासकट गोठवा.

राजम्याबाबत एक इशारा द्यायलाच हवा. कच्च्या राजम्यात लेक्टिन प्रकारचे एक विषारी प्रथिन असते. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून उकळावाच लागतो. दहा मिनिटे ही अगदी किमान मर्यादा, आणि अर्धा तास उकळणे अधिक सुरक्षित. आत्ता सांगितलेली तासाभराची युक्ती म्हणूनच राजम्याला वापरू नये. मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालणे तर धोक्याचे आहे, कारण तिथे तापमान पुरेसे चढत नाही.

प्रश्न : गोठवलेले मटार आणि भाज्या वापरल्या, की घरातील मोठी माणसे ‘यात सत्त्व नाही’ म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : नाही. कारखान्यात भाजी तोडल्यानंतर थोड्याच काळात गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढून गोठवली जाते. या प्रक्रियेत थोडी जीवनसत्त्वे जातात, पण नंतरची झीज बरीचशी थांबते, तर ताजी म्हणून आणलेली भाजी घरात चार-पाच दिवस पडून राहिली, की तिच्यातले क जीवनसत्त्व रोज घटत असते. मटार न वितळवता थेट उकळत्या रश्श्यात घालावेत. ताज्या कोवळ्या मटारांची गोडी वेगळीच, हे मात्र मी मोठ्यांच्या बाजूने मान्य करते.

प्रश्न : घरात चार माणसे आणि चार आवडी. धाकट्याला तिखट चालत नाही, मोठीला भाज्या नकोत, यांना मीठ कमी हवे. रोज तीन प्रकारचे जेवण करून मी थकून जाते. मदतीला कोणी येत नाही, कारण ‘तूच लवकर करतेस’ असे उत्तर मिळते.

उत्तर : पत्राच्या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. तुम्ही लवकर करता, कारण ते काम वर्षानुवर्षे तुम्ही एकट्याने केले आहे. इतरांनी केले तर त्यांचाही हात बसेल.

आधी स्वयंपाकाचे पाहू. जेवण एकच करा, पण ते सुटे वाढा. मधोमध भात आणि कमी मिठाची, बिनतिखटाची डाळ किंवा उकडलेले कडधान्य. बाजूला वेगवेगळ्या वाट्यांत परतलेली भाजी, चिरलेली काकडी, उकडलेले अंडे, लिंबाची फोड, भाजलेले दाणे आणि मिरचीचा ठेचा. मीठ आणि तिखट मागून वाढवता येते, काढून घेता येत नाही, म्हणून शिजवताना ते सर्वांत कमी खाणाऱ्याच्या मापाने असावे. लिंबू नुसते चवीसाठी ठेवू नका. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-कडधान्यांतले लोह शरीरात अधिक शोषले जाते, आणि मीठ कमी असलेले जेवण आंबटपणाने रुचकरही लागते. भाज्या नको म्हणणाऱ्या मुलीला त्या वाट्यांसाठी कोणतीही एक भाजी निवडण्याची मोकळीक द्या, आणि ती तिला स्वतःला चिरू द्या. स्वतः केलेला पदार्थ मुले निदान चाखून तरी पाहतात.

आता मदतीचे. ‘जरा हात लावा’ असे मोघम सांगितले, की काय करायचे हे सांगण्याचे काम पुन्हा तुमच्याकडेच उरते. त्याऐवजी एकेक काम संपूर्ण सोपवा. भात यांच्याकडे, म्हणजे तांदूळ संपत आला हे पाहण्यापासून उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवण्यापर्यंत सगळे. रात्री कडधान्य भिजत घालणे मोठीकडे. वाट्या मांडणे, पालेभाजी निवडणे धाकट्याकडे. सुरी आणि विस्तव त्याला मोठ्यांच्या देखरेखीखालीच द्यावा. पहिले काही दिवस भात कधी गिचका होईल, कधी करपेल. त्या दिवशी तुम्ही उठून दुसरा भात लावू नका. जसा झाला असेल तसा सर्वांनी मिळून खा, आणि पाणी किती घातले होते ते ज्याने घातले त्यालाच विचारा, म्हणजे उद्या ते माप त्याचे त्याला ठरवता येईल.