‘संपीडन’ म्हणावं की ‘संक्षेपण’?

प्रश्न असा: ‘व्हिडिओ कॉम्प्रेशन’ला, म्हणजे व्हिडिओची फाइल लहान करण्याला, मराठीत ‘संपीडन’ म्हणतात ते बरोबर का? विचारणाऱ्याला तो शब्द बिचाऱ्या व्हिडिओचा छळ केल्यासारखा वाटतो.

छळाचा वास येतो तो ‘पीडा’मुळे. संस्कृतात ‘पीड्’ म्हणजे दाबणं, पिळणं. आपलं ‘पिळणं’ही त्यातूनच आलं. शाळेच्या विज्ञानात ध्वनीच्या धड्यात संपीडन आणि विरलन भेटतात. तिथे हवेचे कण खरोखरच दाटीवाटीला येतात, म्हणून शब्द चपखल बसतो. माझी हरकत वेगळी आहे. व्हिडिओत कोणी काही दाबतच नाही.

फुल एचडी व्हिडिओच्या एका चौकटीत (फ्रेममध्ये) १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. दर ठिपक्याला ३ बाइट धरले, तर एक चौकट सुमारे ६२ लाख बाइटांची होते. सेकंदाला २५ चौकटी म्हटल्या की मिनिटाला ९ जीबीच्या वर गेलं! हे ओझं कोडेक हलकं करतो (कोडर आणि डिकोडर यांचा हा जोडशब्द). एखाद्या व्याख्यानाचा व्हिडिओ घ्या. मागचा पडदा तासभर तसाच, हलतात ते वक्त्याचे ओठ आणि हात. मग अधूनमधून एक चौकट पूर्ण ठेवायची आणि पुढच्या चौकटींत फक्त बदल नोंदवायचा. जुन्या दप्तरात एकाच नावाखाली ओळीनं ‘कित्ता, कित्ता’ (म्हणजे वरीलप्रमाणेच) लिहीत, तसंच हे. शिवाय डोळ्याला फारसा कळत नाही असा बारीक तपशील वगळायचा. त्यामागचं ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे गणित १९७४ साली मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. २००३च्या एच.२६४ या व्हिडिओ-कोडेकमध्ये त्याचंच पूर्णांकांतलं रूप आहे.

संकलक (व्हिडिओ एडिटर) वैतागतो तो या कित्त्यांमुळेच. मधल्याच चौकटीवर कात्री लावायची, तर ‘कित्ता’ कशाचा हे शोधायला संगणकाला मागे पळावं लागतं. म्हणून संकलनासाठी पुष्कळदा प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवणारा प्रोरेससारखा कोडेक घेतात. ‘ऑफलाइन’ संकलनात हलकी प्रॉक्सी फाइल (मूळ फाइलची कमी दर्जाची प्रत) कापतात आणि शेवटी तेच काप मूळ फाइलवर लावतात.

तर इथे चाललंय ते गाळणं आणि थोडक्यात सांगणं. त्याला ‘संक्षेप’ हा शब्द आपल्याकडे आहेच. त्यातला धातू ‘क्षिप्’, म्हणजे फेकणं. ‘प्रक्षेपण’ही त्यातलंच. आधी संक्षेपण, मग प्रक्षेपण: स्ट्रीमिंगचा अख्खा प्रवास एका धातूत मावतो. (व्युत्पत्तीनं ‘संक्षेप’ म्हणजे एकत्र टाकणं, फेकून देणं नव्हे, पण रूढ अर्थ आपल्या बाजूचा आहे.)

‘संपीडन’ मी झिप फाइलसाठी राखून ठेवीन. रजई पिशवीत कोंबली तरी उघडल्यावर होती तेवढीच निघते. व्हिडिओचं तसं नाही, तो दुधासारखा आटतो. ‘आटवणं’ हे क्रियापद मला मनापासून आवडतं, पण परिभाषेच्या समितीला ते बासुंदीचं वाटेल.

आणि एडिटिंगच्या खोलीत विचाराल, तर तिथे यातलं काहीच ऐकू येणार नाही. तिथे म्हणतात, “साइज कमी करून टाक रे.”