डोकं नसलेला तारामासा आपल्या इतक्या जवळचा कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये कंटकचर्मी प्राणी (तारामासा, सी-अर्चिन, समुद्रकाकडी यांचा गट), समपृष्ठरज्जू प्राणी (पाठीत पृष्ठरज्जू नावाची लवचिक दांडी असलेले, म्हणजे आपला गट) आणि ऊती (एकत्र काम करणाऱ्या पेशींचे समूह) यांचीच गर्दी आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये कारण तो नीट समजला की पुढचे बरेचसे आपोआप सुटतात.

प्रश्न (अकरावी सायन्सची विद्यार्थिनी): तारामाशाला डोकं नाही, मेंदू नाही, पुढची-मागची बाजू पण नाही. तरी पुस्तकात तो कीटक, खेकडे, गोगलगायी या सगळ्यांच्या नंतर, आपल्या अगदी अलीकडे येतो. ऑक्टोपस तर केवढा हुशार, मग तो मागे आणि तारामासा पुढे हे कसं काय?

उत्तर: पुस्तकातला क्रम म्हणजे हुशारीचा नंबर, हे आधी मनातून काढून टाक. तो क्रम नात्याचा आहे, आणि हे नातं पूर्ण वाढलेल्या प्राण्याकडे कितीही वेळ बघत बसलं तरी दिसणार नाही, त्यासाठी गर्भाकडेच बघावं लागतं, तेही अगदी सुरुवातीच्या अवस्थेत.

फलित अंडं विभागत विभागत पेशींचा एक पोकळ गोळा बनतो, मग त्या गोळ्याच्या एका जागी पेशी आत दुमडायला लागतात आणि तिथे एक भोक तयार होतं. गोगलगाय, गांडूळ, कीटक यांच्या मोठ्या गटात पुस्तकी नियम असा की हे भोक म्हणजे पुढे तोंड (अपवाद भरपूर आहेत, पण परीक्षेत हेच लिही). तारामासा आणि सी-अर्चिनमध्ये मात्र याच भोकाच्या जागी गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसऱ्या टोकाला नव्याने फुटतं. आणि समपृष्ठरज्जू प्राण्यांमध्ये, म्हणजे आपल्या गटात, पण तोंड असंच नंतर येतं. शिवाय तारामाशाच्या गर्भात आद्य आतड्याच्या (आत दुमडून झालेल्या पहिल्या नळीच्या) भिंतीतून पिशव्या फुटतात आणि त्यांच्यापासून देहगुहा, म्हणजे शरीरातली पोकळी बनते, तीच पद्धत अँफिऑक्सस या माशासारख्या दिसणाऱ्या साध्या समपृष्ठरज्जू प्राण्यातही दिसते. नंतर डीएनएची तुलना झाली तेव्हाही हे दोन संघ (प्राण्यांचे मोठे गट), कंटकचर्मी आणि समपृष्ठरज्जू, एकाच फांदीवर आले. ऑक्टोपस कितीही हुशार असला तरी तो गोगलगायींच्या घरातला, आपली त्याची फांदी खूप आधीच वेगळी झाली.

आता राहिला पाच हातांचा प्रश्न. तारामाशाची अळी पाहिलीस तर चकितच होशील, ती पारदर्शक असते, पाण्यात तरंगते, अंगावर केसलांच्या (हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या) पट्ट्या असतात आणि तिला स्वच्छ डावी बाजू, उजवी बाजू असते! म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच द्विपार्श्व (डावी-उजवी सारखी) सममितीची. मग ती तळाशी चिकटते आणि तिच्या डाव्या बाजूला पाच भागांचा नवा तारामासा आकार घ्यायला लागतो, अळीचं बरंचसं शरीर शोषलं जातं आणि अळीची डावी बाजू म्हणजे पुढे तोंडाची, जमिनीकडची बाजू होते. त्यामुळे जेलीफिशची गोल सममिती आणि तारामाशाची पंच-अरीय (मध्याभोवती पाच सारखे भाग असलेली) सममिती एकसारखी समजायची चूक करू नकोस. तारामाशाने ती नंतर मिळवलीये, त्याचे पूर्वज द्विपार्श्वच होते. माझ्या मते संपूर्ण प्राणिशास्त्रात याच्याइतकं थक्क करणारं रूपांतर क्वचितच सापडेल, आणि पुस्तकात त्याला एक ओळ मिळते याचं खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: मेंदू नाही, मग तारामासा चालतो कसा? आणि शिंपला उघडण्याइतकी ताकद कुठून आणतो?

उत्तर: जिवंत तारामासा पाण्यात उलटा झालेला बघायला मिळाला तर त्याच्या हाताची खालची बाजू नीट बघा. मधोमध एक खाच दिसेल आणि तिच्यात शेकडो बारीक नळ्या वळवळताना दिसतील, एखादी लांब होतेय, एखादी आखडतेय, एखादी चाचपडत काहीतरी शोधतेय. हे नलिकापाद. थोड्या वेळात एका हाताचं टोक वळतं, तिथले पाद जमिनीला धरतात आणि हळूहळू सगळा प्राणी सुलटा होतो. (पाण्याबाहेर काढून हा प्रयोग करू नका, त्याचे हाल होतात.)

यामागे जलसंवहनी संस्था, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या नळ्यांची व्यवस्था असते. पाठीवर एक चाळणीसारखी तबकडी, तिथून कडक भिंतीची एक नळी खाली, मग तोंडाभोवती गोल नळी आणि तिच्यातून प्रत्येक हातात एकेक नळी. प्रत्येक नलिकापादाच्या वर एक छोटी पिशवी असते, ड्रॉपरच्या रबरी फुग्यासारखी, ती आवळली की पाणी पादात शिरतं आणि पाद लांब होतो. बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं की पाद फक्त चोषणाने चिकटतात, पण खरं काम चिकट स्रावाचं आहे, पाद एक स्राव सोडून चिकटतो आणि दुसरा सोडून सुटतो. मेंदू नसला तरी तोंडाभोवती चेतांचं (नसांचं) एक कडं असतं आणि प्रत्येक हातात एक चेतारज्जू, ज्या हाताला खाण्याचा वास लागला तो पुढाकार घेतो आणि बाकीचे मागून येतात. हाताच्या टोकाला उजेड कळणारे ठिपके पण असतात.

शिंपल्याचं म्हणाल तर तारामासा तो पूर्ण उघडतच नाही. दोन्ही बाजूंनी ओढत राहतो, शिंपल्याचा स्नायू थकून थोडी फट पडली की स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सरकवतो आणि शिंपल्याला त्याच्याच घरात पचवायला सुरुवात करतो.

प्रश्न: तारामाशाचे पाच तुकडे केले तर पाच तारामासे होतात हे खरं का?

उत्तर: सरसकट नाही. बहुतेक जातींत तुटलेला हात परत येतो, पण नुसत्या हातापासून अख्खा प्राणी होण्यासाठी त्या हाताबरोबर मधल्या तबकडीचा काही भाग असावा लागतो. लिंकिया नावाच्या प्रजातीत मात्र नुसत्या एका हातापासून पूर्ण प्राणी तयार होऊ शकतो, सुरुवातीला एक मोठा हात आणि चार इवलेसे कोंब असं त्याचं रूप दिसतं. समुद्रकाकडी तर आणखी पुढे जाते, संकट आलं की काही जाती आतडी वगैरे अवयव बाहेर टाकून देतात आणि नंतर ते पुन्हा तयार करतात.

प्रश्न: कंटकचर्मी गोड्या पाण्यात का नाहीत?

उत्तर: त्यांच्या जवळपास 7000 जाती आज माहीत आहेत आणि जवळजवळ सगळ्या समुद्रातल्याच. त्यांच्या शरीरातला द्रव साधारण समुद्राच्या पाण्यासारखाच असतो आणि मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारे मूत्रपिंडासारखे उत्सर्जन अवयव त्यांना नाहीत. गोड्या पाण्यात गेले तर पाणी आत घुसत राहील आणि ते बाहेर टाकायची सोयच नाही.

प्रश्न (बीएस्सी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी): पृष्ठरज्जू म्हणजेच पाठीचा कणा ना? आणि माणसाला कल्लविदरं (माशासारख्या घशाच्या फटी) असतात असं सर म्हणाले, ते काही पटत नाही.

उत्तर: पृष्ठरज्जू आणि कणा वेगळे. पृष्ठरज्जू ही लवचिक दांडी, हाड नाही, तिच्या वर पोकळ चेतारज्जू असतो. आपल्यात ती गर्भावस्थेत असते, मग तिच्याभोवती मणके तयार होतात आणि ती मागे पडते, तिच्याच जागी मणक्यांमधल्या चकतीचा आतला मऊ गर तयार होतो. म्हणजे सगळे पृष्ठवंशीय (कणा असलेले) हे समपृष्ठरज्जू, पण सगळे समपृष्ठरज्जू पृष्ठवंशीय नाहीत. अँफिऑक्ससमध्ये ती दांडी जन्मभर राहते, तुंडापासून शेपटीपर्यंत.

सरांचं म्हणणं असं समजून घे, माणसाच्या गर्भात घशाच्या बाजूंना कमानी आणि खाचा तयार होतात, त्या माशासारख्या आरपार उघडत नाहीत आणि त्यातून श्वासही घेतला जात नाही. पण वाया पण जात नाहीत, आतल्या बाजूच्या पहिल्या कोष्ठापासून (खिशापासून) मध्यकर्णाची पोकळी आणि कानापासून घशापर्यंतची नळी होते, तिसऱ्यापासून थायमस ग्रंथी. सर्दीत कान दडपतात ना, तो याच नळीचा प्रताप. गुदद्वाराच्या मागे जाणारी शेपटी पण गर्भाला थोडे आठवडे असते, मग ती जाते.

सागरपिचकारी म्हणजे ट्युनिकेट हा तर या संघातला सगळ्यात फसवा प्राणी. मोठा झाल्यावर खडकाला चिकटलेली एक पिशवी, वरून पाणी घेणार, बाजूने सोडणार, बस्स. आधी त्याला शिंपल्यांच्या जवळचा समजायचे. 1866 मध्ये अलेक्झांडर कोवालेव्स्की या शास्त्रज्ञाने त्याच्या अळीत पृष्ठरज्जू आणि पोकळ चेतारज्जू दाखवला तेव्हा तो एकदम आपल्या घरात आला. ही अळी पोहत जाते, डोक्याकडच्या बाजूने खडकाला चिकटते आणि शेपटी पृष्ठरज्जूसकट शोषून टाकते. 2006 नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी तर दाखवलंय की माशासारखा दिसणारा अँफिऑक्सस नाही, तर ही पिशवीच आपल्या जास्त जवळची आहे! इथे पण अळी बघितली नसती तर काहीच कळलं नसतं.

प्रश्न: रक्त पातळ असतं, ते कशाला काय जोडतं? मग ते संयोजी ऊतीत का?

उत्तर: हा प्रश्न दरवेळी येतो. 'संयोजी' म्हणजे दोरीसारखं बांधणारं असं मनात धरलं की गोंधळ होतो. या ऊतीची खूण म्हणजे पेशी एकमेकींपासून लांब आणि मधे भरपूर आधारद्रव्य. हाडात ते कॅल्शियमने कडक, कूर्चेत (नाकाच्या टोकातल्या मऊ हाडात) चिवट आणि रक्तात पातळ, म्हणजे प्लाझ्मा. अभिस्तर ऊतीत (त्वचेसारखं आवरण करणाऱ्या ऊतीत) याच्या उलट, पेशी खेटून आणि मधे जागाच नाही. रक्तात तंतू दिसत नाहीत पण फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं, जखम झाली की त्याचेच फायब्रिनचे धागे होतात. एक गोष्ट मात्र या व्याख्येत बसत नाही, इतर संयोजी ऊतींत आधारद्रव्य त्याच ऊतीच्या पेशी बनवतात आणि प्लाझ्मातली बरीचशी प्रथिनं यकृत बनवतं.

संयोजी ऊतीचाच विषय निघालाय तर समुद्रकाकडीची त्वचा माहीत असायलाच हवी. तिच्यातलं कोलॅजेन (तंतूमय प्रथिन) चेतांच्या हुकमाने मऊ किंवा कडक होतं, त्यामुळे ती फटीत मऊ होऊन शिरते आणि आत जाऊन कडक होते, मग ओढून काढणं मुश्किल. आपले अस्थिबंध असे हुकमाने बदलत नाहीत. (अस्थिबंध हाडाला हाड जोडतो आणि स्नायुबंध स्नायूला हाड, हे पण अनेकांनी विचारलंय.)

प्रश्न: तारामाशाचा अभ्यास करून माणसाला उपयोग काय?

उत्तर: 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह हे जीवशास्त्रज्ञ तारामाशाची अळी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. ती पारदर्शक असल्यामुळे आतल्या फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसतात. त्यांनी गुलाबाचे बारीक काटे अळीच्या अंगात टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. अळीत ना रक्तवाहिन्या ना रक्त, तरी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर पेशी धावून आल्या, म्हणजे त्या शरीराचं रक्षण करतात, असा त्यांनी अर्थ लावला. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे आज शाळेत शिकवतात त्याची सुरुवात या कामात आहे आणि 1908 चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर मिळालं. सी-अर्चिनची अंडी पण अशीच कामाला आली, 1876 मध्ये ऑस्कर हर्टविगने त्यांच्यात शुक्राणूचं आणि अंड्याचं केंद्रक एक होताना पाहिलं, आणि 1982 मध्ये टिम हंट यांना पेशीविभाजनाचं वेळापत्रक सांभाळणारी सायक्लिन प्रथिनं त्याच अंड्यांमध्ये सापडली. कॅन्सरमध्ये हेच वेळापत्रक बिघडतं.