पणजोबा दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटीवर खलाशी होते, बोट बुडाली, मृतदेह मिळाला नाही. त्यांचं नाव कुठे कोरलेलं असेल?

कोरलेलं नाही, वहीत लिहिलेलं असेल. अशा खलाशांची नावं मुंबई-चितगाव स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. एक प्रत मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये, दुसरी बांगलादेशातल्या चितगावला. जाण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा, कारण महायुद्धांत गेलेल्यांच्या स्मारकांच्या नोंदी हीच संस्था ठेवते. घोळ होतो तो स्पेलिंगमुळे: कारकुनानं ऐकू येईल तसं लिहिलं, आडनाव बरेचदा गाळलंच. त्यामुळे नावाच्या मागे न लागता बोटीचं नाव आणि बुडाल्याची तारीख टाका, मग यादीत वडिलांचं नाव, गाव जुळतं का पाहा. मात्र व्यापारी खलाशाचा मृत्यू शत्रूच्या हल्ल्यात वा युद्धाच्या कारणानं झालेला असावा लागतो. साध्या आजारानं वा अपघातानं गेलेले सहसा या यादीत नसतात.