बाजू संपू दे

पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेबाराला वाचला आणि फोन उलटा ठेवून दिला. चिडलो होतो. तुझ्यावर नाही, त्या तक्त्यावर. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अल्बमबद्दल लोक काय काय म्हणतात याचा एक्सेलमध्ये तक्ता? चांगलं म्हणणारे हिरवे, नावं ठेवणारे लाल, आणि ‘तसा बरा आहे’वाले पिवळे. 64 ओळी, मी मोजल्या. आणि सगळ्यात खाली तुझं वाक्य : ‘काका, आता मला तो ऐकवतच नाही.’

सकाळी चहा झाल्यावर ते वाक्य पुन्हा वाचलं, तेव्हा राग गेला. दोन महिन्यांपूर्वी हाच अल्बम ऐकून तू बेस गिटार विकत घेतलीस. बापाला पटवून, हप्त्याने. आणि आता तुमच्या बँडमधला कोणी सीनियर म्हणतो की हिट्स ऐकणारे म्हणजे पंगतीत नुसती जिलबी खाऊन उठणारे, तर तू जिलबीच टाकून द्यायला निघालीस. उपमा झकास आहे त्याची. त्याच्या वयात मीही अशाच टाकायचो, म्हणून त्याला ओळखतो.

मला एकच सांगायचंय आणि ते मी पत्रभर सांगणार आहे, कंटाळलीस तरी. बाजू संपू दे. रेकॉर्डला दोन बाजू असतात, कॅसेटलाही असायच्या. एक बाजू लावायची आणि ती संपेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, दुसऱ्याचं वाचायचं नाही. मत त्यानंतर. तुझ्या त्या 64 जणांपैकी किती जणांनी एकदा तरी बाजू संपू दिली होती, हा रकाना तक्त्यात आहे का?

आणखी एक रकाना नाही : कोणता अल्बम? हसू नकोस. 1981 साली हा अल्बम निघाला तेव्हा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळा निघाला. ब्रिटनमध्ये 17 गाणी, अमेरिकेत 14. ज्या देशात जे चाललं ते घेतलं. ब्रिटिश अल्बमवर ‘डोंट स्टॉप मी नाऊ’ आहे, त्या वेळच्या अमेरिकन अल्बमवर नाही. उलट अमेरिकेच्या अल्बमवर डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ आहे, ते ब्रिटनच्या अल्बमवर नाही. म्हणजे तुझी ती ओळ 11 आणि ओळ 12, जिथे दोघं एकमेकांना बहिरे म्हणताहेत, ती माणसं दोन निराळ्या वस्तूंवर भांडत असायची शक्यता आहे. आणि तू दोघांना एकेक मार्क देऊन बेरीज केलीस!

खपाचंही तेच. ब्रिटनमध्ये याच्यापेक्षा जास्त खपलेला दुसरा अल्बम नाही. 2022 साली आकडा 70 लाखांच्या पुढे गेला. हे तू ‘हिरव्या’त घातलंस, आणि तुझ्या सीनियरने नेमकं हेच ‘लाल’ म्हणून वापरलं. तो खपला, एवढंच त्यातून कळतं.

आता जरा कामाचं. मी तरुणपणी कॅम्पातल्या एका दुकानात कॅसेट भरून द्यायचो. गिऱ्हाईक यादी आणायचं, आम्ही एलपीवरून साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर गाणी भरायचो. यादीतली गाणी कुठल्या क्रमाने लावायची यात सगळी कारागिरी. एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याचं तोंड यांचं जमलं नाही तर माणूस फॉरवर्डचं बटण दाबतो. त्या कानाने सांगतो, हा अल्बम कोणीतरी डोकं लावून रचलाय. तक्त्यातल्या सहा जणांची तक्रार आहे की गाणी सालवार नाहीत. नाहीतच! ब्रिटिश अल्बमवर पहिलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, 1975 चं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. आवाजांवर आवाज चढवत गेले, इतक्या वेळा की टेपवरचा थर झिजून ती आरपार दिसायला लागली, असं त्यांचा गिटारिस्ट ब्रायन मे सांगतो. तो सगळा डोलारा शेवटी गाँगच्या एका हलक्या ठोक्यावर विरतो. आणि लगेच, पाच वर्षं ओलांडून, 1980 च्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’चा बेस. कोरडा. वर काही नाही, खाली ड्रम. तुझं गाणं.

त्या उडीवरच तू बेस घेतलास, हे तू मला स्वतः सांगितलं होतंस. सालवार लावलं असतं तर ती उडी नसती. कळतंय का मी काय म्हणतोय? तुझ्या कानाने एक खरी गोष्ट पकडली होती, ती तू 64 परक्या माणसांकडून तपासून घेतेयस.

त्या बेसवाल्याबद्दल बोलू, तुझ्या उपयोगाचं आहे. जॉन डीकन. चौघांत सगळ्यात गप्प. शिकला इलेक्ट्रॉनिक्स, तुझ्यासारखाच. कोणीतरी टाकून दिलेलं सर्किट उचलून त्याने एक चिमुकला अँप्लिफायर बनवला आणि ब्रायन मे तो पुढे वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरत राहिला. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ त्याने बायकोसाठी लिहिलं आणि त्यातला इलेक्ट्रिक पियानो स्वतः वाजवला, कारण बँडचा गायक फ्रेडी, त्याला ते वाद्य आवडत नव्हतं. फ्रेडी मर्क्युरीला आवडत नव्हतं! खोलीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं मत विरुद्ध, आणि हा गप्प माणूस जाऊन वाजवून मोकळा. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ही त्याचंच, अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं. तीन आठवड्यांनी गॅदरिंगला तेच वाजवायचंय तुला, आणि तू बसलीयस सेल रंगवत.

(पाचगणीचं मात्र स्टेजवर बोलू नका. फ्रेडी आठ वर्षांचा असताना झांझिबारहून तिथल्या शाळेत आला, शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, सगळं खरं. पण ‘आपला पाचगणीचा’ म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि गाणं अर्ध्यावर तोडायचं, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.)

आता तुला वाटेल, काका हिट्सच्या बाजूचे. अजिबात नाही. हा अल्बम लबाडी करतो हेही तितकंच खरं. ब्रिटिश अल्बमच्या 17 गाण्यांत रॉजर टेलरचं एकही नाही. चार जणांचा बँड, चौघेही लिहिणारे, आणि ड्रमर लिहायचाच नाही असं वाटावं. ‘क्वीन टू’सारख्या अल्बममधून घेतलं फक्त ‘सेव्हन सीज ऑफ राय’. म्हणजे वाड्यातून कडीकोयंडा तेवढा उचलला. ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ ऐक म्हणजे कळेल ‘ऱ्हॅप्सडी’ आकाशातून पडलेली नाही. त्या सीनियरचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे आणि मी त्यावर आजही कोणाशीही भांडेन. पण हे मला बाजू संपल्यावर कळलं. म्हणजे, कळायला हवं होतं.

ते सांगतोच, नाहीतर हे पत्र निव्वळ प्रवचन होईल.

1983. धाकटी बहीण अकरावीत. मामा मस्कतहून आला, तिच्यासाठी ‘ग्रेटेस्ट हिट्स’ची कॅसेट घेऊन. कंपनीची, आत छापील कागद वगैरे. घरात रेडिओ-कॅसेटचा एकच टू-इन-वन, आणि महिनाभर ती त्यावर दुसरं काही लावू देईना. मी दुकानात दिवसभर लोकांच्या आवडी भरून देऊन विटलेला, बाविशीचा, सर्वज्ञ. म्हणालो, हे बाजारू आहे, तुला खरी क्वीन ऐकवतो. कंपनीच्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून मागच्या दोन खिट्ट्या तोडलेल्या असतात. त्या भोकांवर सेलोटेप लावली की होतं. मी लावली. आणि तिच्या कॅसेटवर ‘क्वीन टू’ भरून तिला दिली. वर लेबल, माझ्या उत्तम अक्षरात.

ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

दुष्टपणा नव्हता गं. कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे लागायचे, आणि मला खरोखर वाटत होतं की मी तिला वरचं काही देतोय. आजही म्हणतो, ‘क्वीन टू’ मोठा अल्बम आहे. तो मी तिला दिला यात चूक नाही. चूक सेलोटेपची. आणि कदाचित... असो.

वीस-बावीस वर्षांनी मी तिच्या घरी गेलो होतो. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती, आणि तोच टू-इन-वन ओट्यावर. ‘डोंट स्टॉप मी नाऊ’ लागलेलं. विचारलं, नवीन घेतलीस? म्हणाली, ‘नाही, तू भरलेलीच आहे.’

मी गणित करून बघितलं. ‘क्वीन टू’ची एक बाजू साधारण 20 मिनिटांची. तिच्या कॅसेटची एक बाजू जवळजवळ 29 मिनिटांची. माझं रेकॉर्डिंग संपल्यावर मी बटण दाबून उठलो होतो. पुढची आठ-नऊ मिनिटं जुनीच राहिली. पहिल्या बाजूला ‘बेस्ट फ्रेंड’चं शेपूट, मग ‘डोंट स्टॉप मी नाऊ’, मग ‘सेव्ह मी’. दुसऱ्या बाजूला तर गंमतच : ‘क्वीन टू’ संपतो ‘सेव्हन सीज ऑफ राय’वर, मग ‘फ्लॅश’चा तुकडा, आणि मग पुन्हा ‘सेव्हन सीज ऑफ राय’! मी पुसायला विसरलेल्या तेवढ्या जागेत माझी बहीण बावीस वर्षं राहिली. आधीचं ती फॉरवर्ड करायची. बटणावरचा बाण पार पुसून गेला होता.

बाजू संपू दे म्हणून गिऱ्हाइकांना बजावणारा मी. माझ्या हाताने भरलेली ती कॅसेट मी एकदाही शेवटपर्यंत चालू दिली नव्हती.

तिला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? कणकेचा हात तसाच ठेवून म्हणाली, ‘दादा, तू गाणं सुरू व्हायच्या आधी बोलायला लागायचास.’ आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

म्हणून तक्ता बघून मला राग आला. तुझा सीनियर म्हणजे मी, सेलोटेप घेऊन आलेला. फरक इतकाच की तू ती त्याच्या हातातून घेऊन स्वतःच चिकटवतेयस. नको करूस. ‘क्वीन टू’ ऐक, जरूर ऐक, पण वेगळ्या कॅसेटवर. म्हणजे, तुमचं जे काही असेल त्यावर.

रविवारी चारला ये. बेस आण, अँप इथे आहे. डेकचा बेल्ट बदलून घेतलाय आणि ती कॅसेट बहिणीकडून मागून आणलीय, चार दिवसांच्या बोलीवर. ‘सेव्ह मी’ संपल्यावर दहा-बारा सेकंद नुसती खरखर आहे, मग बटण खट्‌कन वर येतं. त्याआधी मी काही बोलायला लागलो तर मला गप्प कर.

तुझा,
काका